हृदयाच्या हिशेबाचे दप्तर

हृदय दर मिनिटास किती रक्त शरीरात लोटते, याची अटकळ विल्यम हार्वेने १६२८ मध्येच बांधली होती. परंतु अटकळीचे रूपांतर हिशेबात होण्यास १८७० साल उजाडावे लागले. त्या वर्षी वुर्झबुर्गच्या विद्वत्सभेपुढे ॲडॉल्फ फिक याने एक चिमुकले टिपण सादर केले आणि त्यात सुचविले की, शरीर मिनिटाला जेवढा प्राणवायू घेते त्याला धमनीतील व नीलेतील रक्ताच्या प्राणवायूमधील तफावतीने भागले, की रक्ताचा आकडा हाती येतो. मिनिटाला २५० मिलिलिटर प्राणवायू खर्ची पडला आणि दर लिटर रक्तामागे ५० मिलिलिटरांची तफावत आढळली, तर हृदयाने पाच लिटर रक्त लोटले, इतका हा त्रैराशिकाचा सरळ मामला. गंमत अशी की, ज्याच्या नावाने ही पद्धत आजतागायत चालते, त्या फिकने स्वतः हे मोजमाप केलेच नाही. सर्व शरीरातून परतलेले मिश्र रक्त मिळायचे ते हृदयाच्या उजव्या भागात वा फुप्फुसधमनीत, आणि जिवंत माणसाच्या त्या भागात नळी घालणे तेव्हा अघोरीच ठरले असते.

शरीराला इजा न करणाऱ्या पद्धतींना अलीकडच्या मानण्याचा प्रघात आहे. जुने दप्तर मात्र निराळी साक्ष देते. १९१२ मध्ये कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग व लिंडहार्ड यांनी नायट्रस ऑक्साइड मिसळलेली हवा माणसाला हुंगवून, फुप्फुसांतून वाहणाऱ्या रक्ताने त्यातील किती वायू शोषला, यावरून प्रवाह काढला; त्यात ना सुई होती, ना नळी. निरोगी माणसापुरती ही युक्ती उत्तम. पण रोगग्रस्त फुप्फुसात वायू सर्वत्र सारखा पोहोचत नाही, आणि आकड्याची खरी निकड ज्याला, त्या रुग्णापाशीच ती लंगडी पडे.

नळीची वाट उघडली ती १९२९ मध्ये. एबर्सवाल्डे या जर्मन गावातील इस्पितळात वेर्नर फोर्समान नामक तरुण डॉक्टराने, वरिष्ठांची मनाई धाब्यावर बसवून, आपल्याच कोपरापाशी नीला उघडली, मूत्रमार्गासाठी वापरायची नळी सुमारे ६५ सेंटिमीटर आत सरकवली, आणि ती दंडात तशीच असता जिने उतरून क्ष-किरणांची खोली गाठली. छायाचित्रात नळीचे टोक उजव्या कर्णिकेत स्पष्ट दिसले. शाबासकीऐवजी पदरी उपेक्षा आली, आणि तो अखेर मूत्ररोगांच्या व्यवसायाकडे वळला. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात कूर्नां व रिचर्ड्स यांनी पुढे त्याच वाटेचा राजमार्ग केला, फिकचे त्रैराशिक रुग्णशय्येपाशी सुटू लागले, आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले.

१९७० मध्ये स्वान व गँझ यांनी नळीच्या टोकाला इवलासा फुगा बसविला, त्यामुळे ती रक्तप्रवाहाबरोबर आपोआप फुप्फुसधमनीत जाऊ लागली. मग तिला तापमापकाची जोड मिळाली: उजव्या कर्णिकेत दहा मिलिलिटर थंड द्राव झपाट्याने सोडायचा, पुढचे रक्त किती व किती वेळ थंडावले याचा आलेख काढायचा, आणि असे तीनदा करून सरासरी धरायची. ही थर्मोडायल्यूशन पद्धत अतिदक्षता विभागाची मुनसफ बनली. कुबिसेक यांनी १९६६ मध्येच मान व छातीवर पट्ट्या लावून विद्युत्‌रोधाच्या चढउतारावरून हृदयाने लोटलेल्या रक्ताचा आकडा काढला होता, आणि तशी यंत्रे पुढे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही घडली. डॉप्लर यंत्राने ध्वनिलहरींवरून रक्ताचा वेग सांगितला. पण प्रत्येकाला आपली कैफियत याच मुनसफापुढे मांडावी लागली.

आणि मुनसफाचा तराजू तरी कितपत खरा? द्राव थोडा कमी गेला, श्वास खोल गेला, त्रिदल झडप गळकी असली, की आकडा हलतो. नव्या पद्धतीत ३० टक्क्यांपर्यंतची तफावत चालवून घ्यावी, हा १९९९ चा क्रिचली यांचा दंडक दोन्ही बाजूंची वीस-वीस टक्के चूक गृहीत धरूनच निघाला आहे. म्हणजे त्या तफावतीत मुनसफाचा वाटा बरोबरीचा! शिवाय १९९६ च्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत ही नळी घातलेल्यांत मृत्यू अधिक आढळले, आणि २००३ व २००५ मधील काटेकोर चाचण्यांत नळीमुळे जीव वाचल्याचे दिसले नाही.

म्हणून ज्याच्या फुप्फुसधमनीतील दाब जाणणे अपरिहार्य आहे, अशा रुग्णाला नळी अवश्य घालावी. केवळ रक्ताचा आकडा हवा म्हणून ती घालणे आज समर्थनीय नाही.