विमान कर्मचाऱ्यांचे कर्तव्यावरील मद्यप्राशन

विमान कर्मचाऱ्यांचे कर्तव्यावरील मद्यप्राशन म्हणजे वैमानिक, सहवैमानिक, उड्डाण अभियंता किंवा केबिन कर्मचारी यांनी मद्याच्या अंमलाखाली, अथवा नियमाने ठरवलेल्या वर्ज्य काळात मद्य घेऊन, विमानसेवेचे काम करणे किंवा करण्याचा प्रयत्न करणे होय. विमान वाहतूक असलेल्या बहुतेक देशांत हे कृत्य परवाना रद्द होण्यास किंवा निलंबित होण्यास कारण ठरते. अमेरिका व ब्रिटन या देशांत तो तुरुंगवासास पात्र असा फौजदारी गुन्हाही आहे.

प्रवासी विमानांच्या अपघातांत मद्य हे कारण म्हणून क्वचितच सिद्ध झाले आहे. तरीही या विषयाला नागरी विमान वाहतुकीच्या इतिहासात महत्त्व आहे, कारण प्रश्न केवळ मद्याचा नसून संशयाचा आहे. संशय कोणाला येतो, तो कोणाकडे नोंदवला जातो आणि उड्डाणापूर्वी त्याची शहानिशा होते की नाही, यावर गाजलेल्या बहुतेक प्रकरणांचा शेवट अवलंबून राहिला आहे. अशा प्रकरणांत पहिला इशारा बहुधा वैमानिक कक्षाबाहेरच्या, पुष्कळदा विमान कंपनीशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडून आलेला दिसतो.

शारीरिक परिणाम व कालमर्यादा

मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे १०० मिलिलिटर रक्तातील मिलिग्रॅममध्ये मोजतात. निरोगी प्रौढ व्यक्तीचे यकृत हे प्रमाण दर तासाला सरासरी १५ मिलिग्रॅमने कमी करते. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा झोप यांनी हा वेग वाढत नाही. रात्री रक्तातील प्रमाण १८० मिलिग्रॅमपर्यंत गेलेल्या माणसाच्या शरीरात आठ तासांनंतरही सुमारे ६० मिलिग्रॅम मद्यार्क शिल्लक राहतो. अशा माणसाने ‘आठ तास मद्य न घेण्याचा’ नियम अक्षरशः पाळलेला असतो, तरीही तो अमेरिकेतील ४० मिलिग्रॅमच्या मर्यादेत बसत नाही. म्हणूनच बहुतेक नियमावल्यांत तासांची अट आणि प्रमाणाची मर्यादा अशा दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात.

दुसरी अडचण सवयीची आहे. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्या व्यक्तीचे बोलणे व चालणे मोठ्या प्रमाणानंतरही बाहेरून ठीक दिसू शकते. निर्णयशक्ती आणि एकाच वेळी अनेक गोष्टींवर लक्ष ठेवण्याची क्षमता मात्र घटलेली असते.

अँकोरेज, १९७७

१३ जानेवारी १९७७ रोजी पहाटे जपान एअर लाइन्सचे मालवाहू डीसी-८ विमान (उड्डाण १०४५) अलास्कातील अँकोरेज विमानतळावरून टोकियोकडे निघाले आणि उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानात मांसासाठी नेली जाणारी जिवंत गुरे होती. तीन विमान कर्मचारी आणि गुरांची देखभाल करणारे दोघे असे पाचही जण ठार झाले. मुख्य वैमानिक अमेरिकी होता. सहवैमानिक आणि उड्डाण अभियंता जपानी होते.

शवचिकित्सेत मुख्य वैमानिकाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे २९८ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. इतक्या प्रमाणात सवय नसलेला माणूस उभाही राहू शकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने काढलेल्या निष्कर्षानुसार, मद्याच्या अंमलाखालील वैमानिकाने नियंत्रणे ज्या रीतीने हाताळली त्यामुळे विमानाची उचल संपली, आणि पंखांवर व सांगाड्यावर जमलेल्या बर्फाने त्यात भर घातली. इतर दोघा कर्मचाऱ्यांनी मुख्य वैमानिकाला उड्डाणापासून रोखले नाही, ही बाब मंडळाने साहाय्यक कारण म्हणून नोंदवली.

या चौकशीतील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग अपघाताच्या आधीचा आहे. हॉटेलातून कर्मचाऱ्यांना विमानतळावर आणणाऱ्या टॅक्सीचालकाला मुख्य वैमानिकाचा चेहरा, त्याचे अडखळते बोलणे आणि हालचाली पाहून शंका आली होती. त्याने ती आपल्या टॅक्सी कंपनीला कळवली. टॅक्सी कंपनीने विमानतळावर देखभालीचे कंत्राट असलेल्या संस्थेला दूरध्वनी केला. तसे काही असेल तर विमान कंपनीच्याच लक्षात येईल, असे गृहीत धरून तो निरोप तेथेच थांबला. त्या पहाटे वैमानिकाशी संबंध आलेल्या विमान कंपनीच्या माणसांना त्याच्यात काही वावगे दिसले नव्हते, किंवा दिसले असल्यास त्यांनी ते सांगितले नाही. विमान जमिनीवर असताना धावपट्टीकडे जाण्याच्या मार्गाबाबतही गोंधळ झाला होता. म्हणजे थांबण्याची आणखी एक संधी होती. तीही वाया गेली.

कक्षातील मौनाचे कारण पुष्कळदा जपानी समाजातील ज्येष्ठांविषयीच्या आदरात शोधले जाते. ते पूर्ण उत्तर नव्हे. मुख्य वैमानिकाला ‘तुम्ही विमान उडवू नये’ असे सांगणे त्या काळी कोणत्याही देशातील सहवैमानिकाला जवळजवळ अशक्य होते. सहवैमानिकांना आक्षेप घेण्याचे रीतसर प्रशिक्षण देणारी कक्ष-समन्वयाची पद्धत विमान कंपन्यांत १९८० च्या दशकात रुजली. याच मौनाचे आणखी जुने उदाहरण फिनलंडमध्ये आहे. ३ जानेवारी १९६१ रोजी कोइवुलाहती येथे प्रवासी डीसी-३ विमान कोसळून २५ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही वैमानिक आदल्या रात्री उशिरापर्यंत पीत होते आणि उड्डाणाच्या वेळी मद्याच्या अंमलाखाली होते. तो आजही त्या देशातील सर्वांत भीषण विमान अपघात आहे.

फार्गो, १९९०

७ मार्च १९९० रोजी रात्री नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे तीन कर्मचारी (मुख्य वैमानिक, सहवैमानिक व उड्डाण अभियंता) मिनेसोटातील मूरहेड या गावातील मद्यगृहात बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नदीपलीकडच्या फार्गोहून मिनीॲपोलिसला बोइंग ७२७ विमान (उड्डाण ६५०) न्यायचे होते. मद्यगृहातील एका ग्राहकाने संघीय विमान वाहतूक प्रशासनाला दूरध्वनीवरून हे कळवले. प्रशासनाचा निरीक्षक सकाळी विमानतळावर पोहोचला आणि वैमानिकांना भेटलाही. मात्र त्यांना रोखण्याचा आपल्याला नेमका किती अधिकार आहे, याची त्याला खात्री नव्हती. तो वरिष्ठांकडे विचारणा करत असताना विमान निघून गेले.

विमान मिनीॲपोलिसला सुखरूप उतरले व तेथे तिघांना अटक झाली. दोनेक तासांनी घेतलेल्या रक्तचाचणीत मुख्य वैमानिकाचे प्रमाण १३० मिलिग्रॅम आढळले. इतर दोघांचे प्रमाण त्याहून कमी, पण ४० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर होते. खटल्यात मुख्य वैमानिकाच्या वकिलाने मांडलेला बचाव लक्षणीय आहे. आपला अशील मद्यासक्त असल्याने त्याच्या शरीराला मद्याची सवय झाली आहे, त्यामुळे त्या प्रमाणानेही त्याची कार्यक्षमता घटली नव्हती, असे तो म्हणाला. ज्यूरीने हा बचाव मानला नाही. सार्वजनिक वाहन मद्याच्या अंमलाखाली चालवणे हा संघीय गुन्हा ठरवणाऱ्या १९८६ च्या कायद्याखाली दोषी ठरलेले हे पहिले विमान कंपनी वैमानिक होत. मुख्य वैमानिकाला १६ महिने आणि इतर दोघांना प्रत्येकी १२ महिने तुरुंगवासाची शिक्षा झाली.

या प्रकरणाची पुढील हकिकत वेगळ्या कारणासाठी सांगितली जाते. मुख्य वैमानिकाने शिक्षा भोगून व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, सर्व परवाने पायरीपायरीने पुन्हा मिळवले आणि त्याच कंपनीत तो परतला. १९९८ मध्ये तो बोइंग ७४७ चा मुख्य वैमानिक म्हणून निवृत्त झाला. जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्याला माफी दिली. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून वैमानिकांसाठी ‘हिम्स’ या नावाचा उपचार व पुनर्वसन कार्यक्रम चालतो. त्यात विमान कंपनी, वैमानिक संघटना आणि नियामक संस्था एकत्र काम करतात. सहकाऱ्याची तक्रार केली तर त्याचे आयुष्य उद्ध्वस्त होईल, ही भीती कमी झाल्याशिवाय सहकारी बोलत नाहीत, असा या कार्यक्रमामागील विचार आहे.

अमेरिकेत पुढे १९९१ च्या कायद्याने परिवहन क्षेत्रातील सुरक्षाविषयक कामे करणाऱ्यांची यादृच्छिक मद्यचाचणी अनिवार्य झाली. त्याला तात्कालिक निमित्त मात्र विमानाचे नव्हते. ऑगस्ट १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेला मद्यधुंद चालकामुळे अपघात होऊन पाच प्रवासी ठार झाले होते. जुलै २००२ मध्ये मायामी येथे अमेरिका वेस्ट कंपनीच्या दोन वैमानिकांच्या तोंडाला येणारा वास सुरक्षा तपासनिसांना जाणवला आणि फाटकापासून सुटलेले विमान परत बोलावण्यात आले. फार्गोत जे जमले नव्हते ते येथे जमले.

हीथ्रो, २०१८

२८ ऑक्टोबर २०१८ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या सहवैमानिकाला टोकियोच्या उड्डाणापूर्वी अटक झाली. कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या बसच्या चालकाला मद्याचा वास आला होता. त्याने कळवल्यावर पोलीस आले. सहवैमानिकाच्या रक्तात १८९ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. ब्रिटनमध्ये २००३ च्या कायद्यानुसार विमान कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा २० मिलिग्रॅम, म्हणजे तेथील मोटारचालकांसाठीच्या ८० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या एक चतुर्थांश आहे. न्यायालयाने त्याला दहा महिन्यांची शिक्षा दिली.

कंपनीच्या अंतर्गत श्वासचाचणीतून हा सहवैमानिक सुटला होता आणि सोबतच्या वैमानिकांनीही त्याला अडवले नव्हते. ४१ वर्षांपूर्वी टॅक्सीचालकाला जे दिसले होते, ते या वेळी बसचालकाला जाणवले. फरक इतकाच की या वेळी निरोप थेट योग्य ठिकाणी पोहोचला. जपानमध्ये तोपर्यंत वैमानिकांसाठी मद्यार्काच्या प्रमाणाची कायदेशीर मर्यादाच नव्हती. २०१९ मध्ये ती श्वासाच्या प्रति लिटरला ०.०९ मिलिग्रॅम अशी ठरवण्यात आली आणि उड्डाणापूर्वीची श्वासचाचणी बंधनकारक झाली.

भारतातील नियम

भारतातील व्यवस्था संशयाची वाट पाहत नाही. विमान नियम, १९३७ मधील नियम २४ नुसार उड्डाणापूर्वीच्या १२ तासांत मद्य घेण्यास मनाई करण्यात आली. चाचणीची पद्धत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमावलीत सविस्तर दिलेली आहे. अनुसूचित विमानसेवेत भारतातून निघणाऱ्या उड्डाणांवरील वैमानिक व केबिन कर्मचाऱ्यांची उड्डाणापूर्वी श्वासविश्लेषक यंत्राने चाचणी होते. परदेशातून येणाऱ्या उड्डाणांच्या बाबतीत ती भारतात उतरल्यावर घेतली जाते. मर्यादा प्रत्यक्षात शून्य आहे, त्यामुळे ‘थोडेसे’ या शब्दाला येथे जागा नाही. पहिली चाचणी सकारात्मक आल्यास तोंड धुण्याची मुभा देऊन काही मिनिटांच्या अंतराने दुसरी चाचणी घेतात. दुसरीही तशीच आली, किंवा कर्मचाऱ्याने चाचणीस नकार दिला वा ती टाळली, तर कारवाई होते. नियम प्रथम मोडल्यास तीन महिने आणि दुसऱ्यांदा मोडल्यास तीन वर्षे परवाना निलंबित होतो, तर तिसऱ्यांदा तो रद्द होतो.

ज्येष्ठतेने या नियमातून सूट मिळत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये एअर इंडियाच्या उड्डाण संचालन विभागाचे संचालक असलेले वैमानिकच दिल्लीहून लंडनला जाण्यापूर्वीच्या चाचणीत अडकले. त्यांचा परवाना तीन वर्षांसाठी निलंबित झाला व त्यांना पदावरून दूर करण्यात आले. कोविड-१९ च्या साथीत संसर्गाच्या भीतीने मार्च २०२० मध्ये या चाचण्या स्थगित झाल्या होत्या. नंतर त्या मर्यादित प्रमाणात आणि ऑक्टोबर २०२२ पासून पूर्ववत सुरू झाल्या.

चुकीचा संशय

वास, लाल डोळे किंवा अडखळते बोलणे हा पुरावा नव्हे. मधुमेहात रक्तातील साखर फार कमी झाल्यास माणूस प्यायल्यासारखा वागू शकतो, आणि कीटोन वाढल्यास श्वासाला ॲसिटोनचा गोडसर वास येतो. पक्षाघाताची सुरुवात किंवा नुसता थकवाही बोलण्यात जाणवतो. डिसेंबर २००८ मध्ये मॉस्कोहून न्यूयॉर्कला निघालेल्या एअरोफ्लोतच्या विमानातील प्रवाशांना वैमानिकाची उद्घोषणा ऐकून तो प्यायला असल्याचा संशय आला. त्यांनी विमान उडू दिले नाही व अखेर वैमानिक बदलावा लागला. कंपनीने मद्यप्राशनाचा आरोप नाकारला. मद्य नसले तरी ज्याचे बोलणे धड नाही अशा वैमानिकाने उड्डाण करावे का, हा प्रवाशांचा प्रश्न मात्र गैरवाजवी म्हणता येणार नाही.

यंत्रेही फसतात. अर्धवाहक संवेदक असलेली स्वस्त यंत्रे ॲसिटोनसारख्या इतर वायूंनाही प्रतिसाद देतात. इंधन-घट तंत्राची यंत्रे या बाबतीत अधिक विश्वासार्ह असून भारतीय नियमावलीने २०२३ च्या दुरुस्तीत तीच वापरण्याची अट घातली. माऊथवॉश, काही खोकल्याची औषधे व होमिओपॅथीची द्रवरूप औषधे यांतील मद्यार्क तोंडात काही मिनिटे रेंगाळतो, त्यामुळे लगेच घेतलेली चाचणी सकारात्मक येऊ शकते. भारतात शून्य मर्यादा असल्याने हा मुद्दा वैमानिकांच्या दृष्टीने नोकरीचा आहे. त्याच दुरुस्तीने मद्यार्क असलेले माऊथवॉश आणि दातांचे जेल वापरण्यास कर्मचाऱ्यांना मनाई केली. औषध घेत असलेल्या कर्मचाऱ्याने उड्डाणापूर्वी कंपनीच्या डॉक्टरांचा सल्ला घेणे अपेक्षित आहे.

अपघातानंतरच्या तपासणीत आणखी एक गुंतागुंत असते. मृत्यूनंतर जीवाणूंच्या क्रियेने ऊतकांमध्ये मद्यार्क तयार होऊ शकतो. म्हणून न्यायवैद्यक तज्ज्ञ केवळ रक्तावर विसंबून राहत नाहीत. कुजण्याच्या क्रियेपासून तुलनेने सुरक्षित राहणारा डोळ्यातील द्रव आणि लघवी यांतील प्रमाणाशी ते त्याची तुलना करतात. सप्टेंबर २००८ मध्ये रशियातील पेर्म येथे ८८ जणांचा बळी घेणाऱ्या अपघातात मुख्य वैमानिकाच्या ऊतकांत मद्यार्क आढळला, तरी अपघाताचे तात्काळ कारण वैमानिकांचा दिशाभ्रम व विमानाच्या स्थितीचे चुकलेले आकलन हे ठरले. त्यात मद्याचा वाटा किती, हे अशा प्रकरणांत आकड्याने सांगता येत नाही.