नाताळची डाली, गोव्याची पानसुपारी आणि आपली मिरची

डिसेंबर उजाडला की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास निघतात. नवापूरकडच्या ख्रिस्ती मित्राकडे नाताळाला जाताना हातात काय न्यायचं? आणि त्याच्याकडून आलेला केक घरात खायचा की नाही? धर्मांतर, डी-लिस्टिंग यावरून हवा तापलेली असते, त्यामुळे साधा डबासुद्धा काही जण संशयानं उघडतात. म्हणून मंडळी, थोडा इतिहास सांगतो.

इंग्रजी अमलात नाताळाला 'बडा दिन' म्हणत. त्या दिवशी साहेबाच्या बंगल्यावर 'डाली' जायची. डाली म्हणजे फळं, फुलं, सुकामेवा, मिठाई यांनी सजवलेली टोपली. देणारे हिंदू, मुसलमान, पारशी, घेणारा ख्रिस्ती. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात हा शब्द नोंदलेला आहे, इतकी ही चाल रुळलेली होती. पण टोपली नेणारे बहुतेक ठेकेदार, जमीनदार नाहीतर हाताखालचे नोकर. तिथं प्रेम किती आणि काम किती, हे वेगळं सांगायला नको! हळूहळू टोपलीत बाटल्याही आल्या. सरकारला ही खोड माहीत होती. कंपनीच्या नोकरांनी नजराणे घेऊ नयेत असं १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टमध्येच लिहिलं होतं. पुढं फळं-फुलं तेवढी चालतील, अशी वाट ठेवली गेली. आजही महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये भेटवस्तूंचा नियम आहेच. दिवाळीत कुठल्या ऑफिसात किती खोकी जातात ते आपण सगळेच बघतो, असो.

गोव्यातली गोष्ट जास्त बोचरी आहे. तिथं १५६० ते १८१२ इन्क्विझिशन होतं, मधली थोडी वर्षं सोडून. १७३६ च्या फर्मानानं बाटलेल्या ख्रिस्ती घरांना लग्नात विड्याची पानं, सुपारी, फुलं पाठवायला बंदी केली. दारात तुळस नको, भात बिनमिठाचा शिजवायचा नाही. अ. का. प्रियोळकरांनी या इन्क्विझिशनवर सविस्तर लिहून ठेवलंय. म्हणजे पान-सुपारीसुद्धा धर्मद्रोह ठरली होती.

आणि तरी त्याच गोव्यात आज नाताळाला ख्रिस्ती घरातून हिंदू शेजाऱ्याकडे फराळाचं ताट जातं. त्यात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच. दोदोल असतं, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाच्या गुळाचं, बिनअंड्याचं. बेबिंकात अंडी असतात, म्हणून शाकाहारी घरी काय पाठवायचं याचं भान बाया ठेवतात. चतुर्थी-दिवाळीला ताट उलट दिशेनं येतं. कुणी कुणाचा धर्म बदलत नाही.

आपल्यालाही हेच जमायला हवं. जैन शेजाऱ्याला बिनअंड्याचा केक द्या. मुसलमान मित्राला देताना केकमध्ये रम नाही ना, ते बेकरीवाल्याला विचारा. ख्रिस्ती घरी देवाची तसबीर नेऊ नका; त्यांनी आपल्याला क्रूस आणून दिला तर जसं अवघडेल, तसंच त्यांचंही होतं. आणि त्यांच्यातल्या अनेकांनी दारू सोडलेली असते, तेव्हा 'सण आहे' म्हणून बाटली नेणं शहाणपणाचं नाही.

मी स्वतः नंदुरबारची लाल मिरची नेतो, नुकतीच वाळलेली. तिकडून पिशवीत नवापूरची तूरडाळ येते, जिला जीआय मानांकन आहे. दोन्हींना जात-धर्म विचारायची सोय नाही, आणि वरण मात्र फक्कड होतं.