खंड्याची समाधी आणि रुआबांध्याची पायवाट

रुआबांध्याची वस्ती संपली की डांबरी रस्ता मागे राहतो आणि झाडीतून एक पायवाट निघते. रविवारी सकाळी आमच्या कुत्र्याला मी तेथवर साखळीने नेतो आणि झाडीच्या तोंडाशी साखळी सोडतो. पुढचा अर्धा तास तो माझा नसतो. त्याचे नाव खंड्या. आमच्या बंगाली शेजाऱ्यांना मी एकदा सांगून बसलो की खंड्या नावाचा एक पक्षीही मराठीत आहे. तेव्हापासून ते त्याला ‘मासेमारे साहेब’ म्हणतात. वस्तुतः हे नाव मी साताऱ्याहून आणले आहे.

साताऱ्याजवळ संगम माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या काठी थोरल्या शाहू महाराजांच्या समाधीपाशी दगडी कुत्रा आहे. वडिलांच्या बोटाला धरून मी तो प्रथम पाहिला. परंपरा अशी की शिकारीत वाघ अंगावर येत असता या कुत्र्याने महाराजांचे प्राण वाचविले. पुढे महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखी दिली. ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासातही ही हकीकत आहे. शिवाय महाराजांनी कुत्र्याला जरीवस्त्रे घालून स्वतःची पगडी त्याच्या मस्तकी ठेवल्याचेही तो सांगतो. डफसाहेबांच्या लेखी हा बुद्धिभ्रंश. साताऱ्यास रेसिडेंट म्हणून राहिलेल्या या गृहस्थाची चिकाटी मोठी. तथापि येथे मला त्याचा निवाडा पटत नाही.

शाहू महाराजांचे बालपण आठवून पाहावे. 1689 साली रायगड पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. मातोश्री येसूबाईंसह ते मोगलांच्या हाती लागले आणि औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, 1707 साली सुटले. अठरा वर्षे! अन्नवस्त्राची ददात नव्हती, मानही काही अंशी होता. पण छावणी हलेल तिकडे हलावयाचे. ज्याचे सारे तारुण्य दुसऱ्याच्या पहाऱ्यात गेले, त्याला पुढे दरबारापेक्षा रान, शिकार आणि मोकळी धावणारी कुत्री अधिक प्रिय वाटली, तर त्यात वेड कोणते? वाघ पाहूनही जो पळाला नाही त्या जनावराच्या डोक्यावर पगडी ठेवताना भोवतालच्या काही सरदारांकडे महाराजांनी मुद्दाम पाहिले असेल, असे मला आपले वाटते. पुराव्याची मागणी करू नये. हा कारकुनाचा तर्क आहे.

याच महाराजांच्या कारकिर्दीत, 1741 साली, नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालच्या वाटेवर छत्तीसगडात उतरले आणि रतनपूरने शरणागती पत्करली. पुढे 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहिले. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले, तोवर या मुलखात मराठी अंमल होता. म्हणजे बदलीचा हुकूम हाती घेऊन येथे येणारा मराठी लेखणीबहाद्दर मी काही पहिला नव्हे. त्यांच्याबरोबर कुत्री आली की नाही, हे कोण लिहून ठेवणार!

मोकळ्या कुत्र्याचा प्रश्न शहरात मात्र निराळा होतो. 1832 साली मुंबईत पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली. मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. पारशी धर्मात कुत्र्याला अंत्यविधीतही स्थान आहे. जून महिन्यात कोटात दंगा उसळला, दुकाने बंद झाली आणि सरकारला फौज बोलवावी लागली. पुढे अमेरिकेतील बर्कले नगरात 1979 साली कुत्र्यांना साखळीविना हिंडण्यासाठी कुंपण घातलेले उद्यान निघाले. हैदराबादेत कोंडापूरला 2018 साली तसे एक झाले. पळावयाचे ते कुंपणाच्या आत. तोडगा शहाणपणाचा आहे, परंतु त्यात वाघही नाही आणि जहागीरही नाही.

आमच्या पायवाटेला कुंपण नाही. गेल्या महिन्यात शेजारचे काका लहान नातवाला घेऊन फिरावयास आले असता खंड्या झुडुपातून एकदम बाहेर आला. चावला नाही, भुंकलाही नाही. पण मुलगा थरथर कापत आजोबांच्या धोतराला बिलगला. काका रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “बाबूजी, आप उसे जानते हैं, बच्चा तो नहीं जानता.” मी शाहू महाराज, संगम माहुली, सारे पोटात ठेवले. उत्तर नव्हतेच.

आता मी पहाटे, अंधार असतानाच जातो. झाडीत शिरण्यापूर्वी दोन्ही बाजूंस पाहतो, मग साखळी सोडतो. उजाडू लागले की हाक मारतो. बहुधा दुसऱ्या हाकेला तो येतो. परवा चार हाका झाल्या तरी आला नाही आणि रिकामी साखळी हातात घेऊन मी बराच वेळ त्या पायवाटेवर उभा होतो. शेवटी आला तो चिखलाने माखून, कानात कुसळे घेऊन. मी साखळी अडकविली, त्याने मान पुढे केली, आणि आम्ही दोघे डांबरी रस्त्याला लागलो.