खाज थांबेना, कारण सापडेना? ॲलर्जी कशाची आहे ते असे शोधा

अंगाला खाज सुटते, पापण्या सुजतात, अंगावर गांधी उठतात. मेडिकलमधून गोळी आणली की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कुणी सांगतं वांगं बंद करा, कुणी म्हणतं पाणी मानवलं नाही, कुणी म्हणतं रक्त खराब झालंय. हळूहळू ताटातलं निम्मं जेवण बंद होतं, तपासण्यांवर पैसे जातात, खाज मात्र तशीच राहते.

अशा वेळी महागडी तपासणी ही पहिली पायरी नाही. त्रास अंगावर कुठे होतो, कधी होतो आणि त्याआधी काय घडलं, याची नीट नोंद ठेवणे ही पहिली पायरी आहे. पुष्कळदा कारण तिथेच सापडते.

आधी पाहा, ही ॲलर्जीच आहे का?

रात्री अंथरुणात पडल्यावर खाज जास्त सुटते, बोटांच्या बेचक्यात पुळ्या आहेत आणि घरात आणखी कुणाला तोच त्रास आहे, तर ती खरूज असू शकते. त्यावर सगळ्या घराने एकाच वेळी उपचार घ्यावा लागतो.

जांघेत किंवा कमरेला गोल चट्टे असून त्यांची कड लाल, खवलेदार असेल तर तो नायटा असू शकतो. त्यावर दुकानातून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली तर आधी बरं वाटतं, पण नायटा आत पसरत जातो.

जागा काय सांगते?

त्वचेला एखादी वस्तू लागून ॲलर्जी झाली असेल तर पुरळ बहुतेक त्याच जागी उठते.

- कानाची पाळी, गळा, मनगट, बेंबीजवळ : खोटे दागिने, घड्याळ, पँटचे बटण, पट्ट्याचे बक्कल. यातला निकेल हा धातू अनेकांना चालत नाही.
- कपाळाच्या मधोमध : टिकलीचा गोंद.
- डोक्याची कड, कान, दाढीची जागा : केसांचा काळा रंग. काळ्या मेंदीतही तेच रसायन असू शकते.
- हात आणि पाय : गवंडीकाम करणाऱ्यांना सिमेंट, घरकाम करणाऱ्यांना साबण आणि कपड्यांची पावडर.
- पायावर चपलेच्या पट्ट्याच्या आकारात : रबर किंवा चामडे.
- चेहरा, पापण्या, मान, कोपराची खोबण : हवेतून उडणारे काहीतरी. आपल्याकडे यात पहिला संशय गाजर गवतावर घ्यावा.

बांधावरचे गाजर गवत

गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, आपल्या देशात पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आले ते १९५५ च्या सुमारास पुण्यात. आज ते बांध, गायरान, रस्त्याची कड सगळीकडे आहे. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने त्वचेची ॲलर्जी होते. ते उपटलेच पाहिजे असे नाही. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्याने उडून अंगावर बसली तरी त्रास होतो. म्हणूनच चेहरा, पापण्या आणि मान आधी खाजतात, सदऱ्याखालचे अंग सुरुवातीला मोकळे राहते. शेवंती आणि सूर्यफूल याच कुळातली असल्याने काहींना त्यांचाही त्रास होतो.

कारण पटकन लक्षात येत नाही, कारण ही ॲलर्जी लगेच उठत नाही. संपर्क आल्यावर एक ते तीन दिवसांनी पुरळ येते. सोमवारी बांध साफ केला आणि बुधवारी तोंड सुजले, तर दोष बुधवारच्या भाजीला दिला जातो.

गांधी उठत असतील तर

अंगावर पित्त उठणे, म्हणजे गांधी येणे, याची चाल वेगळी आहे. एक गांध साधारणपणे २४ तासांत मावळते आणि दुसरीकडे नवी उठते. अन्नामुळे असेल तर बहुतेक वेळा खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत उठते आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा येते. अंगदुखीच्या गोळ्या आणि अँटिबायोटिक औषधे हीसुद्धा नेहमीची कारणे आहेत.

पित्त सहा आठवड्यांहून जास्त दिवस उठत असेल तर बहुतेक रुग्णांमध्ये बाहेरचे कारण सापडतच नाही. शरीराच्या आतल्या बिघाडाने ते उठत असते. अशा वेळी वांगं, डाळ, दूध, शेंगदाणे एकामागून एक बंद करून फायदा होत नाही. उलट लहान लेकरांचे आणि गरोदर बायकांचे पोषण मात्र तुटते.

वही आणि मोबाईल

तीन ते चार आठवडे रोज पाच गोष्टी लिहाव्यात : त्रास कधी सुरू झाला, अंगावर कुठे, दिवसभर कोणते काम केले, नवीन काय वापरले किंवा खाल्ले, कोणती गोळी घेतली. पुरळ उठलेली असतानाच मोबाईलवर फोटो काढावा, कारण दवाखान्यात जाईपर्यंत गांधी मावळलेल्या असतात. परगावी गेल्यावर बरं वाटतं आणि घरी आल्यावर पुन्हा उठतं का, हेही लिहावे. संशय असलेली एकच वस्तू दोन-तीन आठवडे बंद करून पाहावी. एकदम दहा गोष्टी बंद केल्या तर कारण कोणते, ते कळत नाही.

तपासणी कोणती?

रक्तातला एकूण ‘आयजीई’चा आकडा वाढला म्हणजे ॲलर्जी कशाची ते कळत नाही. पोटात जंत असले तरी तो वाढतो. वस्तू लागून होणाऱ्या ॲलर्जीसाठी पॅच टेस्ट असते. पाठीवर पट्ट्या चिकटवून ४८ तास ठेवतात, मग काढून पाहतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही. ही सोय जवळ कुठे आहे, ते सरकारी दवाखान्यातल्या त्वचारोगतज्ज्ञाला विचारावे.

आराम कसा पडेल?

- थंड पाण्याची ओली पट्टी ठेवावी. कडक पाण्याने आंघोळ टाळावी.
- कोरड्या त्वचेला आंघोळीनंतर लगेच खोबरेल तेल लावावे, नखे कापावीत, सैल सुती कपडे घालावेत.
- शेतात पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, तोंडाला उपरणे बांधावे. घरी आल्यावर आंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत.
- ज्याला ॲलर्जी आहे त्याने गाजर गवत उपटू नये. इतरांनी हातमोजे घालून, फुलावर येण्याआधी उपटावे.
- बिब्बा किंवा ठेचलेला लसूण लावू नये. त्याने त्वचा भाजते.
- सेट्रिझिनसारख्या गोळ्यांनी झोप येऊ शकते. घेऊन ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवू नये.
- खाज लगेच थांबवणारे इंजेक्शन पुष्कळदा स्टेरॉइडचे असते. ते वारंवार घेऊ नये. त्याने साखर वाढते, म्हणून मधुमेह असलेल्यांनी तर डॉक्टरांना आधी सांगावेच.

इथे वाट पाहू नका

औषध घेतल्यावर, मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर किंवा काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली तर लगेच १०८ ला फोन करावा. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. दम लागत असेल तर बसू द्यावे, पण चालवू नये. अशा वेळी मांडीत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते, खाजेची गोळी नाही. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबावे, त्रास पुन्हा उलटू शकतो.

ज्या औषधाने त्रास झाला त्याच्या पाकिटाचा फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवावा आणि पुढे प्रत्येक डॉक्टरला आधी दाखवावा. तपासणीला जाताना वही, पुरळाचे फोटो आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्याव्यात.