नेफ्यातला इतिहास

शनिवारी वसईला आईकडे गेले होते. लॅपटॉप मुद्दाम घरीच ठेवला. स्वतःचे कपडे स्वतः शिवायचं खूळ सध्या डोक्यात आहे, आणि सुरुवात इलॅस्टिकच्या घेरदार स्कर्टने करायची असं ठरवलं होतं. चेन नाही, हुक नाही, काज-बटण नाही. थोडक्यात, शिवणकामातला 'हॅलो वर्ल्ड' :-)

कृती अगदी सोपी. कमरेच्या साधारण दुप्पट घेराचं कापड घ्यायचं, बाजूची शिवण मारून त्याची नळी करायची. वरची कड आधी थोडी मुडपायची, मग इलॅस्टिकच्या रुंदीहून जराशी जास्त दुमडून टीप मारायची. हा झाला नेफा. दोन इंच जागा उघडी ठेवायची. इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा दोनेक इंच कमी कापायचं, टोकाला सेफ्टी पिन लावून नेफ्यातून फिरवायचं, दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून पक्की शिवायची आणि ती जागा बंद करायची. चुण्या आपोआप पडतात. खाली मुडपून टीप मारली की संपलं.

आई बघत होती. म्हणाली, "मला परकर शिवून दे असाच. नाडी काचते गं." आणि कमरेवरचा काळा वळ दाखवला. वर "सगळ्याच बायकांना असतो" हेही. तेवढ्यावर विषय संपला असता, पण मला चैन पडेना. घरी आल्यावर शोधत बसले.

नेफा हा शब्द फारसीतून आला. काज आणि फीत हे पोर्तुगीजांकडून आले. आमच्या वसईवर तर त्यांनी 1534 ते 1739 अशी दोनशे वर्षं राज्य केलं. म्हणजे साध्या कमरपट्टीतसुद्धा कितीतरी जण येऊन गेलेत. या सगळ्यांत इलॅस्टिक सर्वात नवं. लंडनच्या थॉमस हॅनकॉकने 1820 मध्ये हातमोजे वगैरे कपड्यांना रबराच्या ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या लावण्याचं पेटंट घेतलं. पण ते रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. गंधक घालून रबर तापवायच्या युक्तीचं पेटंट चार्ल्स गुडइयरने 1844 मध्ये अमेरिकेत घेतलं, आणि मग कुठे रबर भरवशाचं झालं. तरी धुऊन धुऊन 'इलॅस्टिक गेलं' हे आपण आजही म्हणतोच. नाडीचं तसं नाही. ती स्वस्त, तुटली तर दुसरी ओवता येते, आणि निऱ्यांचं ओझं घट्ट धरून ठेवते. म्हणून साडीखाली ती टिकली.

आणि तिथेच गडबड आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी 1945 मध्येच कमरेला घट्ट नेसलेल्या धोतराच्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलं होतं. पुढे साडीच्या जागीही तो दिसू लागला. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन बायकांच्या केसेस छापल्या. एक 70 वर्षांची, परकराची नाडी घट्ट बांधणारी. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली. ती परकर न घालता 40 वर्षं लुगडं कमरेला घट्ट आवळून नेसायची. दोघींनाही उजव्या कुशीवर न भरणारी जखम झाली, आणि तपासणीत तो कॅन्सर निघाला. दुसरीचा जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

घाबरून जाऊ नका, हा आजार दुर्मीळ आहे. वळ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण वर्षानुवर्षं एकाच जागी दाब, घासणं आणि घाम. कातडी सोलवटते, भरते, पुन्हा सोलवटते. दोष एकट्या नाडीचाही नाही, लुगड्यानेही तेच केलं. दोष आवळण्याचा. गणित शाळेतलंच आहे: ताण तोच असला तरी पट्टी पाचपट रुंद केली की दाब पाचपट कमी. शिवाय सकाळी मारलेली गाठ जेवणानंतर सैल होत नाही, इलॅस्टिक मात्र पोटाबरोबर थोडं पुढेमागे होतं.

रविवारी परत वसई गाठली. आईच्या परकराला एक इंची इलॅस्टिक घातलं. साडी नेसली, आणि दुपारपर्यंत निऱ्या खाली! मग नेफा दोन इंचांचा केला, त्यात तेवढंच रुंद इलॅस्टिक घातलं. आता बरं चाललंय. जाड साडीला मात्र अजून नाडी लागते, ती सैल बांधायची आणि गाठीची जागा रोज बदलायची असं ठरलंय. आई ऐकेल का, ठाऊक नाही.

असो. स्कर्ट छान झाला. पण एक काम सांगते. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा आईला, आजीला, मावशीला कमरेच्या वळाबद्दल विचारा. तिथे भरत नसलेली जखम असेल तर हळद लावून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. "सगळ्यांनाच असतं" म्हणून आपल्या बायका किती काय सोसत असतात, ते आपण विचारल्याशिवाय कळत नाही.