रातोरात पाचपट

‘हॅबिटॅट’ हे नाव आज फार थोड्यांना आठवत असेल. जॉर्ज ल्यूकसच्या चित्रसंस्थेच्या खेळ विभागाने १९८६ च्या सुमारास ते चालू केले. घरातला कमोडोर-६४ संगणक, त्याला जोडलेला मोडेम, टेलिफोनची तार आणि पलीकडे क्वांटम लिंक ही सेवा (हीच पुढे अमेरिका ऑनलाइन झाली), एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर अनेक माणसे एकाच वेळी एका कल्पित नगरात वावरत. नगर म्हटले की पैसा आलाच. नव्या नागरिकाला जन्मतः २,००० टोकन मिळत आणि रोज हजेरी लावली की आणखी १००. वस्तू विकणारी यंत्रे होती, तशीच जुन्या वस्तू रोख पैसे देऊन घेणारी यंत्रेही होती. त्यांना आपण पेढी म्हणू.

दुकानागणिक भाव थोडा वेगळा असला म्हणजे रंगत येते, या हिशेबाने कर्त्यांनी प्रत्येक यंत्राला निराळे दर लावले. त्यात दोन दर चुकले. एका यंत्रात बाहुली ७५ टोकनांना मिळे आणि पेढी ती १०० ला घेई. दुसऱ्या यंत्रात स्फटिकाचा गोल १८,००० ला होता आणि पेढीचा भाव होता ३०,०००. हे दोघा-तिघांच्या लक्षात आले. एका रात्री त्यांनी असेल नसेल तेवढ्या पैशांच्या बाहुल्या घेतल्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन विकल्या, परत आले, पुन्हा घेतल्या. हमालाने पोती वाहावीत तशा तासन्‌तास खेपा झाल्या. गोल घेण्याइतके भांडवल साचल्यावर बाहुल्यांचा धंदा बंद आणि गोलांचा सुरू. उजाडेपर्यंत निदान तीन नागरिकांच्या नावावर लाखो टोकन जमा होते.

चिप मॉर्निंगस्टार आणि रँडल फार्मर या दोघा कर्त्यांनी ही हकीगत आपल्या निबंधात मोकळेपणाने सांगितली आहे. मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो चोरी कशी पकडली गेली हा. कोणी तक्रार केली नव्हती, कोणाचे काही हरवले नव्हते. रोज सकाळी यंत्राकडून एक गोषवारा येई, त्यात नगरातल्या एकूण पैशाचा आकडा असे. तो आदल्या दिवसाच्या पाचपट निघाला. माझी उमेद लेखापरीक्षणात गेली, त्यामुळे ही गोष्ट वाचताना मला घरच्यासारखे वाटले. एकेक पावती तपासून सापडत नाही ते पुष्कळदा बेरजेत सापडते.

कर्त्यांनी सर्वांत श्रीमंत दोघांना विचारणा केली, तेव्हा उत्तर आले की पैसा सरळ मार्गाने मिळवला आहे आणि मार्ग सांगणार नाही. पुष्कळ मिनतवाऱ्या केल्यावर त्यांनी तो सांगितला आणि दर दुरुस्त झाले. पैसा मात्र त्यांच्याकडेच राहिला. त्यांनी त्यातून स्वतःहून खजिनाशोधाचे खेळ भरवले आणि सगळ्या नगराला खेळवले. त्यांचे म्हणणे मला पटते. दुकानदाराने पाटीवर चुकीचा भाव लिहिला, गिऱ्हाइकाने त्या भावाने माल घेतला. यात फसवणूक कुठे आली?

पण हा झाला दराचा घोळ. पुढच्या दहा वर्षांत जो घोळ आला तो जातीने वेगळा होता. खेळाडूंच्या बोलीत त्याला ‘ड्यूप’ म्हणतात. एकाच वस्तूच्या दोन होतात, आणि दोन्ही खऱ्या असतात.

१९९७ च्या सप्टेंबरात ‘अल्टिमा ऑनलाइन’ सुरू झाला. त्याच्या कर्त्यांची मूळ कल्पना सुंदर होती: जगातला एकूण माल ठरलेला ठेवायचा, राक्षस मेला, वस्तू झिजली की तो द्रव्यसाठा परत निसर्गात जाईल आणि तिथून नवे उगवेल. पण माणसे साठवतात. खेळाडूंनी घरे आणि पेट्या भरभरून माल कोंडून ठेवला, चक्र अडले आणि ती योजना सोडावी लागली. दुसरीकडे, हे जग सांभाळायला एक संगणक पुरत नसल्याने त्याचे प्रदेश वेगवेगळ्या यंत्रांवर वाटलेले होते. खेळाडू हद्द ओलांडून गेला की त्याची थैली एका यंत्राच्या वहीतून खोडायची आणि दुसऱ्याच्या वहीत मांडायची. पलीकडे मांडणी झाली आणि इकडे खोडण्याआधी यंत्र कोसळले, तर थैली दोन्हीकडे राहते. हे हेरून हद्दीवर मुद्दाम घोटाळा घडवणारे लोक निघाले. सोने इतके झाले की त्याला किंमत उरेना. बुडाला कोण? ज्याने महिनाभर खाणीत घण चालवून थोडे सोने गाठीला बांधले होते, तो.

याच्याशी अगदी जुळणारा प्रकार खऱ्या जगात १९२५ साली पोर्तुगालमध्ये घडला होता. आल्व्हेस दुस रैस नावाच्या माणसाने बनावट अधिकारपत्रे दाखवून, बँक ऑफ पोर्तुगालच्या नोटा छापणाऱ्या लंडनच्या वॉटरलो या छापखान्याकडूनच वास्को द गामाच्या चित्राच्या ५०० एस्कुदोंच्या नोटा छापून घेतल्या. कागद खरा, छाप खरा, छापखाना खरा. खोटे एवढेच की तेच क्रमांक दुसऱ्यांदा छापले गेले होते. एकाच क्रमांकाच्या दोन नोटा हाती आल्या तेव्हा भांडे फुटले, आणि दोन्हींतली खरी कोणती हे कोणाला सांगता येईना. बँकेला त्या चित्राच्या सगळ्याच नोटा मागे घ्याव्या लागल्या.

२००० साली आलेल्या ‘डायब्लो २’ या खेळात नेमका हाच पेच पडला. तिथे सोन्याची नाणी होती, पण जवळ बाळगण्याला मर्यादा आणि मेल्यावर काही नाणी गळून पडत. म्हणून खेळाडूंनी आपणच दुसरे चलन काढले: ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाची अंगठी. दुर्मीळ, सर्वांना हवीशी, थैलीत एकाच घराएवढी जागा घेणारी. सोने-चांदी चलन का झाले हे शिकवायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. मग त्या अंगठीचेच ड्यूप निघाले आणि बाजार अंगठ्यांनी भरला.

प्रत्येक वस्तूला पोटात एक छुपा क्रमांक होता. तेव्हा एकाच क्रमांकाच्या वस्तू शोधून नष्ट करण्याची मोहीम ब्लिझर्ड कंपनीने चालवली. तर्काला हे बरोबरच. पण ड्यूप करणारा अंगठी जवळ कशाला ठेवील? तो ती केव्हाच विकून मोकळा झालेला असे. ज्याने आपले चिलखत देऊन ती प्रामाणिकपणे घेतली, त्याच्या बोटातून ती नाहीशी होई. खोटे नाणे शेवटी ज्याच्या हातात, तोकडा तो. ही दुरुस्ती मला कधीच न्याय्य वाटलेली नाही.

२००३ च्या १.१० या पॅचने मात्र एक वेगळीच युक्ती काढली, आणि मला ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी वाटते. खेळाडूंनी अंगठ्या खेळातल्या व्यापाऱ्यांना विकायच्या. किती विकल्या गेल्या याचा आकडा सर्वांना पडद्यावर दिसत जाई आणि पुरेशा झाल्या की एक महाभयंकर डायब्लो अवतरे. त्याला मारणाऱ्याला एक ताईत मिळे, जो दुसऱ्या कशातूनही मिळत नसे. जप्ती नाही, शिक्षा नाही, चौकशी नाही. लोकांनी हौसेने आपल्या अंगठ्या नेऊन टाकल्या. फुगलेले चलन यज्ञात आहुती पडावे तसे संपू लागले.

आता थोडे आकड्यांविषयी. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये सुरुवातीची काही वर्षे कोणाजवळही २,१४,७४८ सुवर्ण, ३६ रौप्य आणि ४७ ताम्र नाण्यांपेक्षा अधिक धन मावत नसे. हा विचित्र आकडा आला कुठून? शंभर तांब्यांचे एक रुपे, शंभर रुप्यांचे एक सोने; सगळे तांब्यात मोडले की २,१४,७४,८३,६४७ होतात. ३२ बिटांच्या खणात, एक बिट चिन्हाला सोडून, मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. रुपये-आणे-पै एकदम पैंत मोडून मांडणाऱ्या जुन्या कारकुनाला हे लगेच समजले असते. आकडा खणाबाहेर गेला की वहीच खोटे बोलू लागते.

७ मे २०१३ रोजी ‘डायब्लो ३’मध्ये तसेच झाले. खऱ्या पैशाने सोने विकण्याचा अधिकृत लिलाव तिथे होता. त्या दिवशीच्या पॅचने एका ढिगातल्या सोन्याची मर्यादा दहा लाखांवरून एक कोटीवर नेली. असे बरेच ढीग एकदम लिलावाला लावले की बेरीज खणात मावेना. खात्यातून कमी सोने वजा होई, आणि लिलाव रद्द केला की पूर्ण परत मिळे. काही तासांत लिलावघर बंद करण्यात आले.

पुढचा प्रश्न जुनाच होता. सगळे जग आदल्या रात्रीच्या प्रतीवर परत न्यायचे का? तसे केले तर त्या दिवशी लाखो लोकांनी केलेला खेळ पुसला जातो. कंपनीने ते नाकारले आणि नोंदी एकेक धुंडाळल्या. स्वतःच्या लाभासाठी हे करणारे ४१५ जण निघाले. जादा सोन्यापैकी ८५ टक्क्यांहून अधिक परत मिळाले आणि त्यांच्या लिलावातून आलेला पैसा मुलांच्या रुग्णालयांसाठीच्या निधीला दिला गेला. हे शक्य झाले ते शिल्लक तेवढी न ठेवता देण्याघेण्याची रोजकीर्दही ठेवलेली होती म्हणून. शेवटी १८ मार्च २०१४ ला ते लिलावघर कायमचेच बंद झाले.

अ‍ॅमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या खेळाला हे सारे उपलब्ध होते. तरी २०२१ च्या नोव्हेंबरच्या पहिल्याच तारखेला, खेळ येऊन पाच आठवडेही झाले नव्हते तोच, सोन्याचा ड्यूप सापडला आणि खेळाडूंमधील सगळी देवघेव थांबवावी लागली. व्यापार, टपाल, संघाची तिजोरी, सर्व काही बंद. ती बंद असतानाच नगरसुधारणेसाठी कोणी पैसे भरायला जावे, तर व्यवहार पुरा होईना आणि सोने मात्र वाढून परत येई. एक भोक बुजवायला लावलेल्या बोळ्यानेच दुसरे पाडले होते, आणि कंपनीचे लोक पुन्हा रात्रपाळीला बसले.