एक्झिक्युशन प्लॅन, ट्रेस फाइलमधील

ओरॅकल डेटाबेसने एखादी क्वेरी प्रत्यक्ष कोणत्या मार्गाने चालवली, याची सेशनच्या ट्रेस फाइलीत उमटणारी नोंद. खर्चाचा अंदाज बांधून मार्ग निवडण्याची पद्धत आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पातली. पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांचा त्यावरील निबंध १९७९चा. आयआयटी मुंबईचे एस. सुदर्शन सहलेखक असलेल्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या पाठ्यपुस्तकात हे गणित विस्ताराने येते.

ट्रेस १००४६ क्रमांकाच्या इव्हेंटने सुरू करतात. पातळी ४ला बाइंड व्हेरिएबलच्या (क्वेरीत मागाहून भरल्या जाणाऱ्या) किमती, ८ला वेट म्हणजे थांबण्याच्या नोंदी आणि १२ला दोन्ही मिळतात. फाइल उघडून प्लॅन शोधणाऱ्याने ‘स्टॅट’ने सुरू होणाऱ्या ओळी पाहाव्यात. प्रत्येक ओळ म्हणजे प्लॅनची एक पायरी; तिच्यातला ‘पीआयडी’ वरची पायरी कोणती ते सांगतो, ‘सीएनटी’ प्रत्यक्ष हाती आलेल्या ओळी. ११जी आवृत्तीपासून ‘कार्ड’ हा ऑप्टिमायझरचा, म्हणजे मार्ग निवडणाऱ्या भागाचा, ओळींबद्दलचा अंदाजही शेजारी मिळतो.

खरी मेख या दोन आकड्यांच्या फरकात असते. समजा, रत्नागिरी जिल्ह्याच्या जमीन-नोंदींचे ९ लाख ओळींचे टेबल आहे आणि मंडणगड तालुक्याच्या नोंदी मागवल्या. तालुके ९, हिस्टोग्राम (कोणत्या किमतीच्या किती ओळी, याची नोंद) नसेल तर ऑप्टिमायझर सर्वांना सारखा वाटा देतो आणि १ लाखाचा अंदाज धरून अख्खे टेबल वाचण्याचा मार्ग निवडतो. ‘सीएनटी’ २२ हजार निघाला, की चूक कुठे झाली ते कळते. नेस्टेड लूपच्या, म्हणजे बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी पुन्हा चालणाऱ्या जोडणीच्या, आतल्या पायरीत मात्र ‘कार्ड’ एका फेरीचा आणि ‘सीएनटी’ सगळ्या फेऱ्यांचा असतो. तिथे घाईने निष्कर्ष काढू नये.

११जीपूर्वी स्टॅट ओळी कर्सर बंद झाल्यावरच लिहिल्या जात. ट्रेस आधीच थांबवला, की फाइल भलीमोठी पण प्लॅनचा पत्ता नाही! आता पहिल्या अंमलानंतरच त्या येतात. प्रत्येक अंमलाचा प्लॅन हवा असल्यास ट्रेस सुरू करतानाच तसे सांगावे लागते.

‘टीकेप्रूफ’ हे साधन याच ओळी ‘रो सोर्स ऑपरेशन’ या मथळ्याखाली नीट मांडून देते. त्याला ‘एक्सप्लेन’चा पर्याय दिल्यास मात्र ते प्लॅन नव्याने काढते. आकडेवारी दरम्यान बदललेली असू शकते, बाइंडच्या किमतीही तिथे पाहिल्या जात नाहीत. त्यामुळे तो प्लॅन वेगळा निघाला तर विश्वास स्टॅट ओळींवर ठेवावा. ऑप्टिमायझरने तोच मार्ग का निवडला, हे १००४६च्या फाइलीत सापडत नाही. त्यासाठी १००५३चा इव्हेंट लावतात, आणि तोही हार्ड पार्स झाला, म्हणजे क्वेरीचा प्लॅन नव्याने काढला गेला, तरच काही लिहितो.